आतून की बाहेरून?

घरी सबवूफर बनवणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात एक रविवार असा येतो. खोकं तयार, वायरी जोडलेल्या, घरचे कौतुकाने (किंवा संशयाने) समोर बसलेले. आपण बटण दाबतो... आणि शेजारच्या खोलीत कोणीतरी गादी झटकतंय असा आवाज येतो. माझा तो रविवार दीड महिन्यापूर्वी येऊन गेला.

त्यानंतर ज्याला विचारावं त्याचं उत्तर एकच. अँप कमी पडतोय, मोठा घे. दुकानदाराचं मी समजू शकतो, त्याचा धंदाच आहे. पण ऑफिसातले चांगले शिकलेसवरलेले मित्रही हेच सांगतात! माझं मत विचाराल तर बेस कमी वाटतो म्हणून अँप बदलणं हा बहुतेक वेळा पैसे पाण्यात घालायचा प्रकार आहे. १०० वॅटचा अँप काढून २०० वॅटचा लावला तर मिळतात फक्त ३ डेसिबल. फरक कळतो, पण गायब झालेला बेस त्याने परत येत नाही. (पीएमपीओच्या नावाखाली खोक्यावर छापलेल्या हजारो वॅटबद्दल बोलायलाच नको. त्या आकड्याला कुठलंच ठरलेलं मोजमाप नाही.)

पोर्टवाल्या खोक्याचं तत्त्व सगळ्यांनी लहानपणी रिकाम्या बाटलीत फुंकर मारून अनुभवलेलं असतं. बाटलीच्या मानेतली हवा म्हणजे वजन, पोटातली हवा म्हणजे स्प्रिंग. खोकं आणि पाइप यांची मापं मिळून एक सूर ठरतो, आणि त्या सुराच्या आसपास आवाजाचं बरंचसं काम कोनऐवजी पाइपातली हवा करते. सुराच्या खाली गेलं की मात्र आवाज दर सप्तकाला साधारण २४ डेसिबलने कोसळतो. बंद खोक्यात तो १२ ने उतरतो. ही सगळी गणितं थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडली आणि पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्मॉल यांनी वाढवली. म्हणजे इथे अंदाजपंचे काही करायचं कारणच नाही.

मी तरी गणित करूनच पाइप कापला होता. ८ इंची वूफर, १८ मिमी प्लायचं खोकं, ४० × ४० × ३६ सेंमी. म्हणजे जवळजवळ ५८ लिटर. ३२ हर्ट्झचा सूर हवा, तर ७ सेंमी आतल्या व्यासाचा पीव्हीसी पाइप १४ सेंमी लांब. झकास. त्यामुळे बेस आला नाही तेव्हा माझी पहिली शंका कोणावर गेली? सुतारकाकांवर! खोकं गळत असणार. फोन करून तसं सुनावलं आणि मजुरीतले ८०० रुपये अडवून ठेवले. ते म्हणाले, "बघा साहेब, गळत असेल तर सांगा, येतो." बास, एवढंच.

बघायला मला पुढचा शनिवार उजाडला. गळती शोधायला उपकरण लागत नाही, उदबत्ती पुरते. ३० हर्ट्झच्या आसपासचा सूर हळू आवाजात लावायचा आणि पेटती उदबत्ती सगळ्या सांध्यांवरून फिरवायची. हवा गळत असेल तिथे धूर थरथरतो. काकांच्या बारा सांध्यांपैकी एकही हलला नाही. धूर हलला तो मागच्या बाजूला, वायरीसाठी मी स्वतः पाडलेल्या भोकापाशी. एम-सील लावलं. मग १.५ व्होल्टचा सेल लावून वूफरच्या दोन्ही कॉइल एकाच दिशेने ढकलतात का ते पाहिलं (एक उलटी जोडली तर दोघी एकमेकींना मारतात). ते बरोबर निघालं.

मग सुराची तपासणी. ५० हर्ट्झपासून हळूहळू खाली यायचं आणि कोनकडे बघत राहायचं. खोक्याच्या सुराशी आलं की कोन जवळजवळ थांबतो आणि पाइपातून वारा सुटतो. माझा कोन ३२ ला नाही, ३८ ला थांबला. तीनदा केलं, तरी ३८.

आणि तेव्हा मला आठवलं. माप सांगितलं तेव्हा काकांनी विचारलं होतं, "आतून का बाहेरून?" मी म्हणालो होतो, "बाहेरून, टेबलाखाली बसलं पाहिजे." पुढे गणितातही तेच आकडे टाकले. आतली मापं ३६.४ × ३६.४ × ३२.४, म्हणजे ४३ लिटर. वूफर, पाइप आणि आतल्या पट्ट्या वजा जाता ४०. एवढ्या खोक्याला ३२ हर्ट्झसाठी पाइप हवा २३ सेंमी. बारावीच्या मुलालाही जमेल असं गणित, आणि आम्ही इंजिनिअर!

नवा पाइप लावला. अगदी खालचे सूर आता यायला लागले. पण सोफ्यावर बसलं की ढोल अजून पोकळच. आता मात्र अँपच बदलावा असं मलाही वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू. शेवटचा उपाय म्हणून ४० चा सूर लावला आणि खोलीभर चाललो. भिंतीपाशी छाती हलेल एवढा आवाज, आणि खोलीच्या मध्यावर, म्हणजे बरोबर सोफ्यावर, जवळजवळ शांतता. खोली १४ फूट लांब. ३४३ मीटर हा सेकंदाला ध्वनीचा वेग, भागिले खोलीच्या लांबीची दुप्पट, उत्तर ४०. या सुराचा खड्डा मधोमध पडतो आणि आम्ही त्यात ऐटीत बसलो होतो. फोनचा माइक इतके खालचे सूर नीट पकडत नाही, पण दोन जागांची तुलना त्याच फोनने करता येते. फरक १० डेसिबलच्या वर होता. तेवढं वाढवायला दहापट वॅट लागले असते, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनी काय केलं असतं ते वेगळंच.

सोफा तीन फूट मागे सरकवला. आईचं म्हणणं, आता कपाटाचं दार पूर्ण उघडत नाही. त्यावर तोडगा निघालेला नाही.

काल संध्याकाळी काकांकडे जाऊन ८०० रुपये दिले आणि चूक माझी होती हे सांगितलं. त्यांनी नोटा मोजून खिशात घातल्या आणि विचारलं, "मग वाजतंय ना आता?"