रांधणारीचे नाव

घरात रांधणारी बाई टीव्हीवर झळकली की आपल्या मैत्रिणींमध्ये दोन तट पडतात. एकींचे म्हणणे असे की, बाईला पुन्हा चुलीपुढेच आणून बसवले, फक्त या खेपेस चुलीभोवती दिवे लावले. दुसऱ्या म्हणतात, नाक कशाला मुरडायचे? जे काम ती जन्मभर फुकट करत होती त्याच कामाने तिला नाव आणि पैसा दिला, तर आपण टाळ्या वाजवाव्यात. गोंदिया जिल्ह्यातल्या बचत गटांमध्ये काम करताना मला ही दोन्ही म्हणणी अर्धीच वाटत आली आहेत. ती तिथवर पोचली कशी, वाटेत तिला काय काय लागले आणि ते इतर बायकांना का मिळत नाही, हे आपण विचारतच नाही.

तरला दलाल यांचे उदाहरण घेऊ. १९३६ साली पुण्यात जन्मलेल्या तरलाबाई १९६० मध्ये लग्न होऊन मुंबईला गेल्या. १९६६ मध्ये त्यांनी राहत्या घरी स्वयंपाकाचे वर्ग सुरू केले. १९७४ मध्ये पहिले पुस्तक आले. पुढे शंभरावर पुस्तके झाली, सोनी वाहिनीवर कार्यक्रम झाला, २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१३ मध्ये त्या गेल्या आणि दहा वर्षांनी त्यांच्यावर ‘तरला’ हा हिंदी चित्रपट निघाला. त्यांचे कष्ट, कल्पकता आणि व्यवहारज्ञान याबद्दल दुमत नाही. पण आपल्या नजरेने पाहिले की आणखीही काही दिसते. वर्ग भरवायला शहरातले घर होते. फी देऊ शकतील अशा बायका आसपास होत्या. इंग्रजी पुस्तकाची बाजारपेठ होती. नवऱ्याची साथ होती. हातची चव लाखो बायकांना असते, ही बाकीची शिदोरी किती जणींना असते?

त्याच काळात मराठीत कमलाबाई ओगले पुढे आल्या. शाळा चौथीपर्यंतची. १९७० मध्ये त्यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले आणि त्याच्या लाखावर प्रती खपल्या. ‘अंदाजाने घाल’ असे पिढ्यान् पिढ्या सांगितले जाणारे माप त्यांनी वाटी-चमच्यात बांधून दिले. ज्ञान हातात होते ते कागदावर आणणे, हे मोठे काम आहे. पण त्यांचा गौरव झाला तो ‘एक लाख सुनांची सासू’ या शब्दांत. शिक्षिका म्हणून नाही, लेखिका म्हणून नाही, सासू म्हणून! बाईचे ज्ञान नात्याच्या मापानेच मोजायची आपली सवय किती मुरलेली आहे, ते या कौतुकातूनच कळते.

पुढे मराठी वाहिन्या आल्या. ‘आम्ही सारे खवय्ये’ झी मराठीवर २००७ साली सुरू झाले आणि गावोगावच्या गृहिणींना कॅमेऱ्यासमोर आपला पदार्थ करून दाखवायची संधी मिळाली. हे चांगलेच झाले. आपले नाव, आपले गाव पडद्यावर पाहून किती घरांत त्या दिवशी पेढे वाटले गेले असतील! पण त्या मांडणीकडे जरा बारकाईने पाहा. रांधणारी बाई एका भागाची पाहुणी. कार्यक्रमाची ओळख झाले ते प्रशांत दामले. विनोद त्यांचा, पहिला घास त्यांचा, दाद त्यांची. दुसऱ्या दिवशी ओट्यामागे दुसरी बाई. आमच्या विदर्भापुरते बोलायचे तर टीव्हीवरच्या स्वयंपाकाचे सर्वांत परिचित नाव नागपूरच्या विष्णु मनोहर यांचे आहे. त्यांच्या कसबाबद्दल आदरच आहे. तरी घराघरांत बाई रांधते आणि रांधण्यातला नामवंत मात्र बहुधा पुरुष असतो, हा योगायोग नव्हे. पुरुषाने चूल पेटवली की तो व्यवसाय, बाईने पेटवली की ते कर्तव्य.

यूट्यूबने या वाटेला एक नवा फाटा फोडला. अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे सत्तरीच्या घरात असताना, २०२० साली, नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ म्हणून घराघरांत पोचल्या. कुठल्या वाहिनीने निवडण्याची वाट त्यांना पाहावी लागली नाही. मला या गोष्टीचा मनापासून आनंद होतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोणी तरी त्यांचे चॅनेल हॅक केले आणि ते परत मिळेपर्यंत काही दिवस गेले. महिनोन् महिन्यांची मेहनत एका पासवर्डवर टांगलेली असते, हे त्यातून दिसले. हात आजीचा असला तरी कॅमेरा, फोन, पासवर्ड, बँकेचे खाते हे सगळे तरुण हातांत असते. नातू मायेचा असला तर ठीक. नसला तर?

आता माझ्या जिल्ह्यात येते. सालेकसा तालुक्यातल्या एका गटात मी बायकांना विचारले, तुम्हाला कोणकोणती कामे येतात ते सांगा. रोवणी आली, तेंदूपाने तोडणे आले, मोहफुले वेचणे आले, शिवण आले. स्वयंपाक कोणीच सांगितला नाही. एक मावशी तर म्हणाल्या, “मी काही काम नाही करत जी, घरीच रायतो.” आणि याच मावशींना लाखोळीची डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी का फेकायचे, हे नेमके ठाऊक होते. लकव्याच्या भीतीने १९६१ मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली, तरी झाडीपट्टीतल्या घरांतून ती हद्दपार झाली नाही. तिचा त्रास कमी कसा करायचा, हे ज्ञान बायकांनी जपले. धोप्याच्या पानांच्या वड्या, पावसाळ्यातल्या सात्या, बांबूचे कोवळे वास्ते, तरोट्याची भाजी, मामा तलावातली मासळी. रानातली कोणती पाने कधी खुडायची आणि कोणती टाळायची, ही मोठी विद्या आहे. पण ‘महाराष्ट्रीय पदार्थ’ म्हटले की पडद्यावर पुरणपोळी आणि मोदकच अधिक दिसतात. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाचे अन्न पुस्तकात आणले, तोवर ते आपल्या पाककृतींच्या पुस्तकांत जवळपास नव्हतेच. कोणाच्या चुलीवरचे अन्न दाखवण्याजोगे, हे जात ठरवते, वर्ग ठरवतो, शहर ठरवते.

आणि वेळेचे काय? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या पाहणीत घरची बिनमोल कामे करणाऱ्या बायका दिवसाची सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बाईचा भार दहा मिनिटांनी हलका झाला, तर पुरुषाने आपलीही नऊ मिनिटे काढून घेतली! रोज जवळपास पाच तास असे जाणारी आमची शेतमजूर बाई आपला पदार्थ कॅमेऱ्यासमोर मांडायला वेळ कुठून आणणार?

घराबाहेर रांधले तरी किंमत येतेच असे नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत पोषण आहार शिजवणाऱ्या बायका पाहा. २६ ते १०० मुलांमागे दोघी. तांदूळ निवडणे, शिजवणे, वाढणे, भांडी घासणे, सगळे त्यांच्याकडे. केंद्राने २००९ मध्ये त्यांचे मानधन ठरवले महिना १,००० रुपये, तेही वर्षातले दहा महिने. राज्याने पुढे त्यात भर घातली, तरी ‘मानधन’ हा शब्द गेला नाही. मान आणि धन दोन्ही अपुरे असले की तो शब्द वापरतात.

म्हणून मला एका तारकेपेक्षा अन्नपूर्णा महिला मंडळाची आठवण अधिक मोलाची वाटते. गिरणगावात कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जापर्यंत पोचवले. त्यातल्या बहुतेकींचे चेहरे कोणी पडद्यावर पाहिले नाहीत. पण स्वतःच्या नावावर कर्ज आले, म्हणजे त्या कामकरी म्हणून मोजल्या गेल्या.

टीव्हीवर जाणाऱ्या मैत्रिणीला आपण अडवू नये, हिणवू तर मुळीच नये. तिचे कौतुक करावे आणि सोबत चार गोष्टी कराव्यात. तिच्या कमाईचे खाते आणि पासवर्ड तिच्याच हातात आहेत ना, हे पाहावे. चित्रीकरणाच्या दिवशी घरचे कोण रांधणार, हे तिच्या घरच्या पुरुषांना विचारावे; ‘सासू किंवा मुलगी’ हे उत्तर चालवून घेऊ नये. आपल्या मेळाव्यांत जेवण करणाऱ्या गटाला ठरलेला रास्त दर द्यावा, आणि वक्त्यांबरोबर त्यांचीही नावे पत्रिकेत छापावीत. शाळेत रांधणाऱ्या बायकांच्या मोर्चात आपले फलक दिसावेत.

रांधणे ही बाईची जन्मजात माया नाही. ते शिकलेले कसब आहे आणि केलेले श्रम आहेत. एकीला पडद्यावर नाव मिळाले, तर बाकीच्यांना दाम मिळेपर्यंत आपले काम संपत नाही.