बुंधा बघून भुलू नका

मैत्रिणींनो, अडेनियमची हौस फिटली की आपल्यातल्या बागवेड्यांची नजर जाते ती जाड बुंध्याच्या परदेशी झाडांकडे. त्यातलंच एक टायलेकोडॉन. आपल्याकडे दुर्मीळ, म्हणून मिरवायला छान! पण ते विकत घेण्याआधी माझं थोडं ऐका.

हे झाड दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिमेकडचं, नामाक्वालँडच्या खडकाळ माळावरचं. याच्या मोठ्या जातीला तिथे ‘बोटरबूम’ म्हणतात, म्हणजे लोण्याचं झाड. फुगीर बुंधा, पापुद्रे सुटणारी पिवळट साल. तिथे पाऊस पडतो हिवाळ्यात, तोही जेमतेम. म्हणून हे बेटं वाढतं थंडीत आणि उन्हाळ्यात पानं गाळून झोपतं. गंमत म्हणजे फुलतंही तेव्हाच, बुंध्यात साठवलेल्या पाण्याच्या जिवावर.

आपल्याकडे याचं सगळं वेळापत्रक उलटं बसतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास रात्री गार झाल्या की कोंब फुटतात, तेव्हा माती पूर्ण सुकली की पाणी द्यायचं. होळीच्या आसपास पानं पिवळी पडली की हात आखडता घ्यायचा. खरी कसोटी पावसाळ्याची. उकाडा आणि ओल एकत्र आली की झोपलेलं झाड मुळापासून कुजतं. त्यामुळे जून ते सप्टेंबर कुंडी वळचणीखाली, कोरडी. भरड वाळू, विटांचे तुकडे आणि मूठभरच खत, एवढी माती पुरे. माझ्याकडचं रोप मे महिन्यात बघून शेजारच्या काकू दरवर्षी म्हणतात, “अगं, वाळलं की ते, टाकून दे.” मी म्हणते, “काकू, बुंधा दाबून बघा.” टणक असेल तर ते जिवंत असतं. मऊ लागला तर मात्र खेळ संपला. आणि हो, झाड विषारी आहे. तिकडे ते खाऊन शेळ्या-मेंढ्या लुळ्या पडतात. अंगणात शेळी किंवा लहान मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

आता माझा खरा मुद्दा. असा मनगटाएवढा बुंधा काही दोन वर्षांत होत नाही. मग विक्रेत्याकडे एवढं जुनं झाड आलं कुठून? नर्सरीत वर्षानुवर्षं वाढवलेलं असेल, नाहीतर सरळ डोंगरातून उपटलेलं. नामाक्वालँड आणि आसपासच्या भागात 2019 पासून अशा झाडांच्या चोरीला ऊत आला. कोनोफायटम नावाची चिमुकली झाडं तर लाखोंनी जप्त झाली. त्यातल्या काही जाती जगात एखाद्या टेकडीवरच सापडतात, ती टेकडी ओरबाडली की संपलं. चोरी करतात बरेचदा गावातलेच बेकार तरुण, चार पैशांसाठी. मलिदा मधले दलाल खातात आणि तुरुंगात जातात ती पोरं. हे सगळं कुणासाठी, तर हजारो मैलांवरच्या कुणाच्या तरी गॅलरीसाठी! ‘मी एक घेतल्यानं काय होतं’ हे मला पटत नाही. एकेक करूनच टेकड्या रिकाम्या झाल्या.

म्हणून विक्रेत्याला विचारायचं, बियांपासून केलंय का? परदेशातून आलं असेल तर आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला आहे का? उत्तर देताना तो घुटमळला तर पैसे पर्समध्येच ठेवा. लहानसं, बारीक बुंध्याचं रोप घ्या, स्वस्तही पडतं. माझं सहा वर्षांचं आहे आणि बुंधा जेमतेम अंगठ्याएवढा. जाऊबाई हसतात, हसू देत.

बी मिळालं तर त्याहून उत्तम. ते धुळीसारखं बारीक असतं. ऑक्टोबरमध्ये ओलसर वाळूवर भुरभुरायचं, वरून माती घालायची नाही. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवून खालून ओल द्यायची, कारण झारीच्या धारेनं बी वाहून जातं.