लेस्टरला एका छपराखाली



जूनमध्ये भाचीकडे लंडनला गेले होते, तेव्हा एक दिवस लेस्टरसाठी काढला. सेंट पँक्रस स्टेशनवरून रेल्वेने साधारण सव्वा तास लागतो. शहर फार मोठं नाही, वस्ती पावणेचार लाखांच्या आसपास. बरेच प्रवासी तिथे तिसऱ्या रिचर्ड राजाची कबर बघायला येतात. 2012 साली त्याचा सांगाडा कार पार्किंगखाली सापडला आणि 2015 मध्ये कॅथेड्रलमध्ये त्याचं दफन झालं. मीही कबर पाहिली. पण मला ओढ होती ती ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या जैन मंदिराची.

ही इमारत पूर्वी चर्च होती. 1988 साली तिथे प्रतिष्ठा झाली. बाहेर पांढरा संगमरवर, आत कोरीव दगडी खांब, आणि रंगीत काचांच्या खिडक्यांवर महावीर स्वामींचं चरित्र. हे सगळं सुंदर आहेच. पण मी थबकले ते वेगळ्याच कारणाने. एकाच छपराखाली श्वेतांबर मंदिर, आपलं दिगंबर मंदिर, स्थानकवासींचा उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्रांचं ज्ञानमंदिर! मी दर्शन घेतलं, आणि तुम्ही कुठल्या पंथाच्या, असं मला कुणीही विचारलं नाही.

तिथे उभी असताना मला आपलं शिरपूर आठवलं. वाशिम जिल्ह्यातलं अंतरिक्ष पार्श्वनाथांचं मंदिर दिगंबर-श्वेतांबर वादापायी 1981 पासून बंद होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च 2023 मध्ये कुलूप निघालं, आणि काही दिवसांतच पुन्हा हाणामारीपर्यंत गोष्ट गेली. बेचाळीस वर्षं देव आत आणि आपण बाहेर. अनेकांत शिकवणारा धर्म आपला!

लेस्टरची माणसं आपल्यापेक्षा थोर आहेत, असं मी म्हणणार नाही. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना नव्वद दिवसांत बाहेर काढलं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे येऊ नका. तरी माणसं आली. अशा परक्या गावात मूठभर जैनांनी चार वेगळी मंदिरं कुठून बांधायची? एकत्र येणं ही गरज होती. पण गरजेपोटी का होईना, त्यांना ते जमलं. मग आपल्याला इथे का जमू नये?

हे मी दुसऱ्यांना सांगत नाही, आधी स्वतःला सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका मुलीला श्वेतांबर घरातलं चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा निर्व्यसनी, शिकलेला, घरात रात्रीचं जेवण नाही, कंदमुळं नाहीत. "पंथ वेगळा" एवढंच म्हणून मोठ्यांनी नकार दिला. मी त्या बैठकीत होते. चूक दिसत होती, तरी चहाचे कप उचलत राहिले. ती मुलगी आजही माझ्याशी नीट बोलत नाही.

आमच्या कट्ट्यात जैन घरं शोधावी लागतात. इथे शेजारच्या मालवणी काकू मला "जेवलंस काय?" विचारतात, आणि सूर्य मावळायच्या आत मी ताटावर बसते हे त्यांना पाठ झालंय. कुठल्या पंथाची, हा प्रश्न त्यांना पडत नाही. तो फक्त आपल्यालाच पडतो.

त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत दशम्यांचा डबा उघडला तेव्हा आठ वाजले होते. इथे जूनमध्ये सात-सव्वासातला मावळणारा सूर्य तिथे साडेनऊपर्यंत असतो. घड्याळ वेगळं, नियम तोच.

पर्युषणाचे आठ दिवस त्यांचे, मग दशलक्षणाचे दहा आपले. दोन्हींच्या शेवटी मागतो ती क्षमाच. यंदा त्या मुलीला मी आधी फोन करणार आहे, दहा दिवस संपायची वाट न बघता.

जय जिनेंद्र.