नालछ्याहून इंदूर किती दूर?

धारहून मांडवगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नालछा हे गाव लागते. जहाज महाल आणि रूपमतीचा महाल पाहावयास निघालेल्या पर्यटकांच्या मोटारी तेथे क्वचितच थांबतात. धारच्या पवारांच्या जुन्या मुलखातील हे गाव आज एका आदिवासी विकासखंडाचे मुख्य ठिकाण आहे. या परिसरातील भिल्ल शेतमजुराच्या घरी कोणी गंभीर आजारी पडले, तर आधी धारचे जिल्हा रुग्णालय आणि तेथे निभाव लागला नाही तर आणखी सुमारे साठ किलोमीटरांवरील इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय, हा मार्ग ठरलेला असतो. होळकरांचे नाव धारण करणाऱ्या त्या सरकारी रुग्णालयात गरिबाला उपचाराचे फारसे पैसे पडत नाहीत, हे खरे. परंतु गाडीभाडे, सोबत गेलेल्या दोघांची बुडालेली मजुरी, बाहेरून आणावी लागलेली औषधे आणि त्यासाठी काढलेले कर्ज यांचा आकडा रुग्णालयाच्या पावतीवर कधीच उमटत नाही. स्वस्त आरोग्यसेवेचा विचार या न उमटलेल्या आकड्यापासून व्हावयास हवा.

याच धार जिल्ह्यातील मनावर मतदारसंघाने 2018 साली आणि पुन्हा 2023 साली डॉ. हिरालाल अलावा यांना विधानसभेत पाठविले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील नोकरी सोडून हा तरुण डॉक्टर आपल्या मुलखात परतला, ‘जयस’ या आदिवासी युवकांच्या संघटनेचा नेता झाला आणि आरोग्य, शिक्षण, स्थलांतर व संविधानाच्या पाचव्या अनुसूचीची अंमलबजावणी हे प्रश्न घेऊन काँग्रेसच्या उमेदवारीवर निवडून आला. राजधानीतील प्रतिष्ठेची जागा सोडून गावाकडे वळणारे डॉक्टर आपल्या देशात विरळाच. त्या दृष्टीने हे पाऊल अभिनंदनीय आहे, यात शंका नाही. परंतु डॉक्टर आमदार झाला म्हणून दवाखान्यातील रिकामी खुर्ची आपोआप भरत नाही. 2018 च्या डिसेंबरात सत्तेवर आलेले त्यांच्या पक्षाचे सरकार पंधरा महिन्यांत गडगडले आणि त्यानंतर ते विरोधी बाकांवर आहेत. अशा परिस्थितीत एकट्या आमदाराने करावे तरी काय, हा प्रश्न केवळ त्यांचा नाही. तो प्रत्येक राज्यातील प्रत्येक प्रामाणिक लोकप्रतिनिधीचा आहे.

आपल्याकडे आमदाराच्या आरोग्यकार्याची कल्पना ठराविक साच्याची झाली आहे. नेत्रतपासणीचे शिबिर भरवावे, रुग्णवाहिकेला हिरवा झेंडा दाखवावा आणि दारी आलेल्यास मोठ्या रुग्णालयाच्या नावे शिफारसपत्र द्यावे. यांपैकी काहीच वाईट नाही. अडल्या माणसाला त्या पत्राचा आधार वाटतो. पण ज्या सेवेसाठी पत्र लागते ती सेवा हक्काची नसते, मेहेरबानीची असते. शिवाय, पत्र मागण्यासाठी आमदारापर्यंत जो पोहोचू शकतो, तो मुळातच थोडा सुदैवी असतो. खरा निराधार त्या दारापर्यंत येतच नाही.

2018 पासून आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण दिले. शस्त्रक्रियेच्या खर्चाने देशोधडीला लागणाऱ्या कित्येक कुटुंबांना या योजनेने तारले, हे मान्य केलेच पाहिजे. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील रुग्णाच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64 टक्के होता, तो 2021-22 पर्यंत 39 टक्क्यांवर आला, असे सरकारी आरोग्यलेखे सांगतात. तथापि ही योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. ताप, खोकला, रक्तदाब, गरोदरपणातील तपासण्या हा रोजचा खर्च तिच्या बाहेर राहतो. आणि कार्ड हाती असले तरी जवळपास भूलतज्ज्ञ नाही, शल्यविशारद नाही, तर त्या कार्डाचे करावयाचे काय? मध्य प्रदेशातील ग्रामीण आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची तीव्र टंचाई असल्याचे केंद्र सरकारची आकडेवारीच वर्षानुवर्षे सांगत आली आहे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

धार, झाबुआ आणि अलिराजपूर जिल्ह्यांतील आदिवासी मजुरांनी या टंचाईची जबर किंमत मोजली आहे. गुजरातेतील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत काम करून ते गावी परतले ते छातीत सिलिकाची धूळ घेऊन. सिलिकोसिसला क्षयरोग समजून उपचार होत राहिले आणि माणसे मरत राहिली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2010 साली 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आदेश दिला तो 2016 साली. गावाजवळ रोग ओळखणारा डॉक्टर नसणे म्हणजे काय, हे यावरून कळावे.

आता धार येथे खासगी भागीदारीतून वैद्यकीय महाविद्यालय उभे राहावयाचे आहे. त्याचे स्वागत करतानाच दोन प्रश्न विचारले पाहिजेत. गरिबाला मोफत उपचार मिळण्याची हमी करारात कोणत्या शब्दांत आहे? आणि तेथून बाहेर पडणारा डॉक्टर नालछ्यासारख्या ठिकाणी काही वर्षे राहील, याची तजवीज काय? हे प्रश्न इमारत उभी राहिल्यानंतर विचारण्यात अर्थ नसतो.

गोमंतकीय वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. म्हापशाचे जिल्हा रुग्णालय खासगी भागीदारीत चालविण्याच्या प्रस्तावावरून आपल्याकडे वादंग झाला होता. 2016 पासूनच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड येथेही आहे. परंतु सत्तरीतील वा काणकोणातील रुग्णाला बांबोळी गाठणे आजही सोपे नाही. 2018 साली गोव्याबाहेरील रुग्णांकडून बांबोळीस शुल्क घेण्याचे ठरताच दोडामार्ग परिसरातील लोक आंदोलनास उतरले. शेजारच्या राज्याच्या रुग्णालयावर विसंबणाऱ्या त्या जनतेचा रोष गोव्यावर होता त्याहून अधिक, आपल्याच प्रतिनिधींनी इतकी वर्षे काय केले, या प्रश्नात होता.

आमदारापाशी साधने नाहीत, असे नाही. रिकाम्या पदांबाबत तारांकित प्रश्न विचारता येतो, आरोग्यखात्याच्या मागण्यांवर कपातसूचना देता येते, लोकलेखा समितीत औषधखरेदीचा जाब विचारता येतो. आदिवासी भागात तर पाचव्या अनुसूचीने आणखी एक व्यासपीठ दिले आहे. राज्यपालांना सल्ला देणाऱ्या आदिवासी सल्लागार परिषदेत जास्तीत जास्त वीस सभासद असतात आणि त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश आदिवासी आमदार असावेत, अशी संविधानाची योजना आहे. धार जिल्ह्यातील सातपैकी पाच मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. या पाचांनी पक्षभेद बाजूस ठेवून प्रत्येक विकासखंडात किमान एक भूलतज्ज्ञ, एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बारमाही औषधसाठा एवढीच मागणी लावून धरली, तर कोणत्याही सरकारला ती फार काळ टाळता येणार नाही.

हे काम शिबिरासारखे छायाचित्रात येत नाही आणि त्याचे श्रेयही एकाच्या पदरात पडत नाही. तरीही लोकप्रतिनिधीचे मोजमाप व्हावे ते येथेच. वर्षभरात त्याने किती शिफारसपत्रे लिहिली, हे मतदाराने मोजू नये. त्याच्या कारकिर्दीत किती जणांना तसे पत्र मागण्याची गरज उरली नाही, हे मोजावे. नालछ्याहून इंदूरचे अंतर कोणताही आमदार कमी करू शकणार नाही. इंदूरला जाण्याची वेळ मात्र तो कमी लोकांवर आणू शकतो.