बांधावरच्या गप्पा : ट्यूबवर बसून गळ



गौरी-गणपतीला बहिणीकडं निजामपुऱ्यात जाऊन आलो. निजामपुरा म्हणजे भिवंडीतलाच. तिथल्या महानगरपालिकेच्या नावातसुद्धा भिवंडीला निजामपूर जोडलेलं आहे. घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच दारामागं ट्रकची फुगवलेली ट्यूब दिसली. बारावीत शिकणारा भाचा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "मामा, आईला सांगू नका. विसर्जन झालं की हिच्यावर बसून कामवारीत उतरायचं. खाली खाडीकडं जिताडा मिळतो म्हणे."

त्यानं फोनवर अमेरिकेतले लोक बघितले होते. ते ट्यूबसारख्या फुगवलेल्या गोल नावेत बसतात, पायांत बदकासारखे पंजे घालतात आणि पाठीकडं सरकत तळ्यात फिरतात. वल्ही पायांची, म्हणून दोन्ही हात गळाला मोकळे. बास आणि पर्च हे त्यांचे आवडते मासे. आपला जिताडा त्यांच्याच लांबच्या भाऊबंदांतला.

यात नवल ते काय? आपल्याकडं धरणावरचे कितीतरी मासेमार ट्यूबवरच पोट भरतात. होडी घ्यायला ऐपत नाही, मग ट्यूबवर फळी टाकायची, संध्याकाळी जाळं सोडायचं, पहाटे जाऊन उचलायचं. हातात वल्ह्याऐवजी फळकुटाचे दोन तुकडे. भिवंडीत तर ट्रकांना तोटा नाही, म्हणून जुन्या ट्यूबांनाही नव्हता. आता बिनट्यूबचे टायर आल्यानं चांगली ट्यूब शोधावी लागते, एवढंच.

पण पोराला मी कामवारीत उतरू दिलं नाही. एक तर त्या पाण्यात रंगाचं आणि कारखान्यांचं सांडपाणी मिसळतं, तिथला मासा ताटात घ्यावा असं मला वाटत नाही. दुसरं कारण त्याहून मोठं. नदी पुढं खाडीला मिळते. भादव्यात वरून पुराचं पाणी आणि खालून ओहोटीची ओढ, दोन्ही एकाच दिशेला खेचतात. ट्यूबला ना सुकाणू, ना नांगर. पायांनी पाणी मारून माणूस ओढीपुढं टिकत नाही. ट्यूब साचलेल्या पाण्यासाठी आहे, वाहत्या पाण्यासाठी नाही.

पोराचं तोंड उतरलं. मग म्हटलं, चल माझ्याबरोबर गावाला, आपल्या पाझर तलावात बसवतो. पण आधी ट्यूब दाखवून आणू.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडं गेलो. त्यांनी ट्यूब पाण्याच्या टाकीत दाबून गोल फिरवली आणि एका जुन्या ठिगळाच्या कडेनं बारीक बुडबुडे निघाले. "मियाँ, ये रास्ते में नहीं, पानी में छूटता," असं भाच्याला म्हणून त्यांनी ते ठिगळ काढलं, घासून नवं बसवलं. व्हॉल्व्हच्या लोखंडी नळीला मी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, नाहीतर ती मांडी फाडते.

चाचांचं म्हणणं मला पटायला कारण आहे. तरुणपणी मी आणि मावसभाऊ एका धरणात असेच गेलो होतो. ट्यूब दुपारभर उन्हात पडलेली, वाजवली तर टणटण. थंड पाण्यात गेल्यावर आतली हवा आकसली आणि ती मऊ पडली. त्यातच ठिगळ सुटलं. तेवढ्यानं माणूस बुडत नाही, मला पोहता येत होतं. पण घसरू नये म्हणून फळीची दोरी मी कमरेला बांधली होती. ओली गाठ सुटेना आणि खाली शेवाळात पाय अडकलेले. मावसभावानं दातांनी दोरी सोडवली. तेव्हापासून कुणी ट्यूबला स्वतःला बांधून घेतलेलं दिसलं की मी ओरडतो. बांधायचं असेल तर तेलाचे दोन रिकामे कॅन, घट्ट झाकण लावून, ट्यूबला बांधा. काठावर एक माणूस लांब दोर घेऊन उभा पाहिजे, आणि पोहता येत नाही त्यानं काठावरूनच गळ टाकावा. सांडवा वाहत असेल तर तिकडं फिरकू नये.

आणखी एक. तलाव गावचा असला तरी मासा बहुधा ठेक्यानं मच्छीमार संस्थेकडं असतो. आम्ही आधी संस्थेच्या माणसांना विचारलं. ते म्हणाले, गळानं खायापुरते धरा, जाळ्याच्या दोरीत पाय घालू नका.

सकाळी सातला भाचा पाण्यात. पहिला तास नुसता गरगर फिरला. ट्यूबचं तसंच असतं, एक पाय जोरात मारला की स्वतःभोवती भोवरा. मग जमलं. ट्यूब आवाज करत नाही, त्यामुळं मासा अगदी जवळ येऊ देतो. पाणकणसाच्या कडेला मरळ वर येऊन गुळकन हवा घेऊन गेली. मरळीला पाण्याबाहेरची हवा लागतेच. भाच्यानं गळाला बेडकी लावली आणि एकदम थांबला.

"मामा, इथं पाणी लाल दिसतंय!"

मूठभर नारिंगी पिल्लांचा गोळा पाण्यावर खळखळत होता. मरळीचे आई-बाप पिल्लांखाली पहारा करतात आणि समोर येईल त्यावर तुटून पडतात. म्हणूनच अशा वेळी मरळ सहज गळाला लागते, आणि म्हणूनच ती धरायची नसते. राखणदार गेला की बाकीचे मासे तो गोळा दिवसभरात फस्त करतात. अमेरिकेतल्या बासचा बापही असाच घरट्यावर बसतो. हे मी काठावरून ओरडून सांगेपर्यंत पोरानं गळ ओढून घेतला होता. बेडकी सोडून दिली, ती उडी मारून त्याच्याच मांडीवर बसली.

मग कणकेच्या गोळ्या लावून चिलापी धरल्या. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, आपल्या देशात आणला 1952 साली, आणि आता कुठल्या तळ्यात नाही असं नाही. त्या मात्र कितीही धराव्यात. अकरा मिळाल्या. मामीनं चिंच घालून कालवण केलं.

जेवताना जिताड्याचा विषय पुन्हा निघालाच. मी सांगितलं, जिताडा जन्मतो तो नर म्हणून आणि मोठा झाला की मादी होतो. वीण खाऱ्या पाण्यातच. रायगडात खारेपाटातले शेतकरी पावसाळ्यात खाडीतली त्याची पिल्लं आणून घरामागच्या तळ्यात वाढवतात. भाच्यानं लगेच विचारलं, "मग आपल्या तलावात?" आता याचं उत्तर पाण्याचा ठेका घेतलेल्यांना विचारायला हवं. शिवाय तो दुसऱ्या माशांवर जगतो, तेव्हा संस्थेची रोहू-कटल्याची बोटुकली त्याच्या पोटात जातील.

ट्यूब भाच्यानं नेली नाही. अर्धी हवा काढून गोठ्याच्या आढ्याला, उन्हापासून लांब टांगली आहे. दिवाळीच्या सुट्टीत येतो म्हणालाय. बहिणीला मात्र अजून दोघांनीही काही सांगितलेलं नाही, आणि हे साप्ताहिक तिच्या घरी येतं.