पत्त्यातला डाग

इंटरनेटच्या पत्त्यात उपकरणाची ओळख उमटली तरी तो नुसता आकडा असतो आणि आकड्याला नाव-गाव नसते, असा पूर्वपक्ष हमखास मांडला जातो. आयपीव्ही ६ या पद्धतीत पत्ता १२८ बिटांचा असून त्याचा पूर्वार्ध जाळ्याकडून येतो आणि उत्तरार्ध उपकरण स्वतः जोडते. मूळ रीतीनुसार ते त्यासाठी आपला मॅक क्रमांक, म्हणजे कारखान्यातच मिळालेला ४८ बिटांचा क्रमांक, मधोमध फोडून तेथे 'एफएफएफई' ही चार अक्षरे घालते व सातवा बिट उलटवते. त्यामुळे मूळ क्रमांक कोणालाही परत काढता येतो आणि पहिल्या २४ बिटांवरून बहुधा उत्पादकही कळतो. असा लॅपटॉप सकाळी अमरावतीत आणि सायंकाळी अकोल्यात वायफायला जोडला, तर पूर्वार्ध बदलतो, उत्तरार्ध मात्र तोच राहतो. डागलेल्या बैलाचे नाव बाजारात कोणाला ठाऊक नसते, पण डाग ओळखू येतो. आणि एकदा कोठे नावानिशी लॉगिन झाले की मागच्या साऱ्या नोंदींना धनी मिळतो.

२००१ मध्येच बदलत्या, तात्पुरत्या पत्त्यांचे मानक आले, तेव्हा वाद संपला, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजचे फोन ते पाळतातही. परंतु जुन्या सॉफ्टवेअरवरचे राउटर आणि कॅमेरे ते पाळतीलच असे नाही. घरातल्या अशा एका कॅमेऱ्याचा उत्तरार्ध स्थिर राहिला, की सेवादात्याने पूर्वार्ध बदलूनही ते घर पुन्हा ओळखता येते, आणि त्याच पूर्वार्धाखालचे सावध फोनही त्या घराचे म्हणून उघडे पडतात.

गोपनीयता म्हणजे शहरी चोचले, या म्हणण्याला तर वऱ्हाडात जागाच नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर ज्यांचे महास्थान, त्या महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत राखले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला तो फार नंतर, २४ ऑगस्ट २०१७ रोजी.

म्हणून आयपीव्ही ६ बंदच करावे, हा उलट टोकाचा सल्लाही टिकत नाही, कारण जुन्या ३२ बिटांच्या पद्धतीत पत्ते पुरत नाहीत. २०१४ च्या मानकातील तोडगा अधिक शहाणपणाचा आहे : एका जाळ्यात उत्तरार्ध स्थिर, जाळे बदलताच वेगळा. महाविद्यालयाच्या जाळेव्यवस्थापकाला हवी ती नोंद त्यातून मिळते आणि दोन गावांतला माग तुटतो. पूर्वार्धावरून ग्राहक कोण हे सेवादात्याला तरीही कळतेच, पण तो प्रश्न कायद्याने हाताळायचा आहे. नगरपालिकांनी व महाविद्यालयांनी कॅमेरे-राउटरांच्या निविदेत उत्तरार्धाच्या मधोमध 'एफएफएफई' आढळल्यास माल परत, एवढी अट घातली, तर ती तपासायला मोठा तज्ज्ञही लागत नाही.