दारापुढील रस्त्याचे भाडे

शहरात वाहने उभी करण्याचे दर वाढवण्याचा विषय महापालिकेच्या पटलावर आला, की आपल्या सुशिक्षित वस्त्यांमध्ये कल्लोळ उठतो. रहिवाशांनाही परवान्यासाठी पैसे मोजावे लागतील, अशी नुसती कुणकुण लागली तरी निवेदने लिहिली जातात, सह्या गोळा होतात, लोकप्रतिनिधींच्या दारी शिष्टमंडळे जातात. ‘सामान्य माणसाची लूट’ हा त्या निवेदनांतील ठरलेला शब्दप्रयोग असतो. आमचा आक्षेप नेमका या शब्दप्रयोगालाच आहे. ज्या सामान्य माणसाच्या नावाने ही ओरड चालते, त्याच्यापाशी बहुधा मोटारच नसते.

पुण्याचे उदाहरण घ्या. मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेपुढे वाहनतळ धोरण आले. त्या सुमारास शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांच्या घरात, म्हणजे लोकसंख्येच्याही पुढे गेली होती. तरीही विरोध एवढा झाला, की रात्रीचे शुल्क वगळण्यात आले आणि दिवसाचे शुल्कही प्रयोगादाखल अवघ्या ५ रस्त्यांपुरते मंजूर झाले. पुढे २०२५ साली काय घडले, तेही आठवून पाहावे. मे महिन्यात मुंबईत बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. जूनमध्ये पुण्यात पीएमपीच्या बसचा मासिक पास ९०० रुपयांवरून १,५०० रुपयांवर गेला. धुणीभांडी करणारी बाई, पहाऱ्यावरचा रखवालदार, महाविद्यालयात जाणारी मुले यांच्या खिशाला ही कात्री लागली. मोटारीच्या शुल्काविरुद्ध तत्परतेने सह्या करणाऱ्या आपल्या वस्त्यांमधून त्या वेळी किती निवेदने गेली?

“आम्ही रस्ता कर भरतो, मग पुन्हा पैसे कशाचे?” असा प्रश्न विचारला जातो. वाहन खरेदी करताना भरलेला कर राज्याच्या तिजोरीत जातो. तो रस्त्याचा तुकडा रात्रंदिवस अडवून ठेवण्याचा मोबदला नव्हे. गल्लीबोळांची डागडुजी महापालिका करते, आणि तिच्या मालमत्ता करात मोटार नसलेल्या कुटुंबाचाही वाटा असतो. तेव्हा फुकट उभ्या असलेल्या मोटारीचे भाडे भरले जातेच. फक्त ते दुसरा कुणी भरत असतो. कधी ते पैशांत असते, तर कधी पदपथ सोडून भर रस्त्यातून चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या जिवावरच्या संकटात.

जागेचा हिशेबही करून पाहावा. एक मोटार उभी करायला अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा लागते असे धरले, तर दोन मोटारींना २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट जागा लागते. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेखाली एका अख्ख्या कुटुंबाला मिळणारे घर कित्येक वर्षे एवढेच होते. आता ते ३०० चौरस फुटांचे झाले आहे. त्याच शहरात महापालिकेने फेरीवाल्यांसाठी आखलेली जागा एक मीटर लांब व एक मीटर रुंद आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा २०१४ साली झाला. तरीही भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईला आपण ‘अतिक्रमण’ म्हणतो. बारा पाट्यांची जागा व्यापून आठवडाभर न हललेल्या मोटारीला मात्र कुणी तसे म्हणत नाही.

रहिवाशांची अडचण आम्ही नाकारत नाही. जुन्या इमारती बांधल्या गेल्या तेव्हा मोटारींचा विचारच नव्हता. नव्या इमारतींत विकासकांनी वाहनांच्या जागा वेगळ्या विकण्याचा धंदा केला. मोकळी किंवा स्तंभांखालची जागा विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला ३१ ऑगस्ट २०१० रोजी सांगावे लागले. रहिवासी परवान्याची कल्पना म्हणूनच आम्हांला मान्य आहे. परंतु परवाना म्हणजे सातबाराचा उतारा नव्हे. आज दारापुढे कुंड्या, दगड आणि मोडक्या खुर्च्या ठेवून ‘आपली’ जागा राखली जाते. उद्या हेच काम नाममात्र शुल्काचा एक कागद करणार असेल, तर तो परवाना नसून सार्वजनिक भूमीची खिरापत ठरेल.

जपानने याचा विचार १९६२ सालीच केला. तेथे मोटार घेणाऱ्याला ती ठेवण्याच्या जागेचा दाखला द्यावा लागतो, आणि आज ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. मे २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या परिवहनमंत्र्यांनीही जागेच्या दाखल्याशिवाय मोटारीची नोंदणी न करण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा लगेच नापसंतीचे सूर उमटले. फ्रिज विकत घेण्यापूर्वी आपण स्वयंपाकघरातील कोपरा मोजतो. मोटारीच्या बाबतीत मात्र तो कोपरा समाजाने द्यावा, असे आपण गृहीत धरतो.

महापालिकांनाही आम्हांला दोन शब्द सुनवायचे आहेत. वर्षानुवर्षे डोळेझाक करायची आणि मग एके दिवशी जबर दंड पुकारायचा, हे धोरण नव्हे. मुंबईत ७ जुलै २०१९ पासून सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा उभ्या केलेल्या मोटारींना १०,००० रुपयांपासून पुढे दंड सुरू झाला. अशा धाकाने भीती बसते, शिस्त लागत नाही. शुल्क माफक पण नियमित असावे. दुचाकीला ते अत्यल्प, पहिल्या मोटारीला बेताचे आणि दुसऱ्या मोटारीला चांगलेच जड असावे. अपंगांच्या वाहनांना सूट असावी. रस्त्यावर जागा असतील तेवढेच परवाने द्यावेत. वसुलीचा हिशेब त्या त्या प्रभागात जाहीर फलकावर लावावा आणि तो पैसा पदपथ व बससेवा यांवरच खर्च व्हावा. हिशेब न देता दर वाढवणाऱ्या महापालिकेला जाब विचारायला आम्ही सर्वांच्या पुढे राहू.

आपल्या धर्मग्रामातील किती तरी कुटुंबांकडे आज मोटार आहे. त्यात गैर काही नाही. पण रविवारी मिस्साच्या वेळी चर्चबाहेर दुतर्फा लागलेल्या आपल्याच मोटारींमधून वाट काढत पायी येणारी माणसेही आपल्याच धर्मग्रामाची आहेत. शुल्कवाढीविरुद्ध सह्यांचा कागद आपल्या दारी येईल, तेव्हा एवढेच विचारावे: बसचे भाडे वाढले तेव्हा हा कागद कुठे होता? उत्तर मिळेपर्यंत सही करू नये.